आमच्या मॅनेजरचे गुणदोष

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. एका रविवारी सकाळी कल्याणच्या आमच्या क्लबच्या अध्यक्षांनी मला घरी बोलावून घेतलं. ते वकील होते, निवृत्त झाले होते, पण माणसाला समोर बसवून प्रश्न विचारायची सवय सुटली नव्हती. त्यांनी मला विचारलं, हॉकी संघाच्या मॅनेजरबद्दल माझं मत काय आहे. मी म्हटलं, चांगले आहेत. ते म्हणाले, "चांगले म्हणजे काय, ते मला लिहून हवंय. गुण किती, दोष किती. दोन पानं पुरेत."

क्लबमध्ये कुरबुर चालू आहे हे मला माहीत होतं. लागोपाठ दोन वर्षं आम्ही ठाण्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो होतो. आमचा कप्तान इंजिनड्रायव्हर होता, फार सरळ माणूस. त्याने कमिटीपुढे तक्रार केली होती की आपल्या संघात कोण खेळणार हे कप्तानालाच मैदानावर तासभर आधी कळतं. शिवाय मोठ्या संघांतून खेळलेले एक गृहस्थ नुकतेच कल्याणात राहायला आले होते आणि त्यांना ही जागा द्यावी असं कमिटीतल्या काही जणांचं म्हणणं होतं. वकीलसाहेबांना निर्णय घाईने घ्यायचा नव्हता.

मी विचारलं, हे काम माझ्याकडेच का. मी डोंबिवलीत राहणारा, ठाण्याच्या एका गिरणीत कारकून, संघात राइट-हाफ, म्हणजे मधल्या फळीत उजवीकडे. माझ्यापेक्षा जुने खेळाडू होते.

"तुमचं अक्षर बरं आहे," ते म्हणाले. "आणि त्याने तुम्हाला खेळवलंही आहे आणि वगळलंही आहे. दोन्ही चवी माहीत असलेला माणूस मला हवा होता."

घरी येऊन मी फुलस्केप कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे गुण, उजवीकडे दोष. खरं सांगायचं तर उजवा रकाना आधी भरला. कुणाला विचारत नाहीत. कारण सांगत नाहीत. संघ आयत्या वेळी जाहीर करतात. वगळलेल्या माणसाशी बोलत नाहीत. कप्तानाचा मान ठेवत नाहीत. लिहिताना मला जरा बरंच वाटत होतं, ते का, हे पुढे येईल. डावीकडे मात्र पेन टेकवलं आणि तिथेच थांबलो. गुण नव्हते म्हणून नाही. जे होतं त्याला 'गुण' म्हणणं तोकडं वाटत होतं.

त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. पन्नाशीचे, किडकिडीत, धोतर, काळी टोपी आणि उन्हाळ्यातही अंगात कोट. नोकरी इंजिनांच्या शेडमध्ये. कुठल्या गाडीवर कुठला ड्रायव्हर, कुठला फायरमन, कुणाला विश्रांती, कुणाला बोलावणं, हे तक्ते लावायचं त्यांचं काम. आयुष्यात त्यांनी हॉकीची स्टिक खेळायला म्हणून हातात धरली नव्हती. तरुणपणी घाटावरच्या एका स्टेशनात नोकरीला असताना तिथले गोरे साहेब संध्याकाळी मॅच खेळायचे, आणि घड्याळ धरून वेळ सांगायला दादांना उभं करायचे. बसायची परवानगी नव्हती. दहा वर्षं ते मैदानाच्या कडेला घड्याळ घेऊन उभे राहिले. "घड्याळाकडे बघायला किती वेळ लागतो?" एकदा ते म्हणाले होते. "उरलेला वेळ मी माणसं बघत होतो."

ते कशी माणसं बघायचे हे मला पहिल्यांदा समजलं ते फाळणीनंतर दीड-दोन वर्षांनी. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित राहायला आले होते, आणि त्यातले कितीतरी जण स्टेशनच्या पुलावर, फलाटांवर पापड, बिस्किटं, कापडाचे तुकडे विकायचे. मी तेव्हा नुकताच संघात आलो होतो. एका संध्याकाळी दादा आणि मी पुलावरून चाललो होतो. तिशीतला एक माणूस टोपलीत लिंबं घेऊन बसला होता, शेजारी टोपली उचलायची काठी. गर्दीत कुणाचा तरी पाय लागला आणि एक लिंबू घरंगळत निघालं. त्या माणसाने बसल्याबसल्या काठी पुढे केली, लिंबू अडवलं, मनगट किंचित वळवलं आणि ते लिंबू सरळ टोपलीपाशी आणून सोडलं. चेहरा गिऱ्हाइकाकडेच होता. लिंबाकडे त्याने बघितलंसुद्धा नव्हतं.

मी पुढे निघून गेलो होतो. मागे वळून पाहिलं तर दादा तिथेच उभे. त्यांनी चार लिंबं घेतली. दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी चार. आठवडाभर ते रोज लिंबं घेत होते आणि त्या माणसाशी एक अक्षर बोलले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याच्या मनात काय चाललंय ते बघतोय. घरदार सोडून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी खेळायला चल म्हणायचं नसतं."

नवव्या दिवशी त्यांनी कोटाच्या आतून पांढरा चामड्याचा बॉल काढला आणि त्याच्या टोपलीत लिंबांवर ठेवला. तो माणूस बॉलकडे बघत राहिला. मग त्याने तो उचलून दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सिंधमध्ये तो त्याच्या शहराच्या संघाचा सेंटर-हाफ होता. छावणीत आल्यापासून त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगून उपयोग काय. पुढची सहा वर्षं तो आमचा सेंटर-हाफ होता, आणि तो बॉल अडवायचा तेव्हा बॉलचा आवाज येत नसे. मैदानाबाहेरचे लोक गप्प होऊन बघायचे. मीही त्याच्या शेजारी खेळता खेळता बघत राहायचो आणि बोलणी खायचो.

गोलकीपरची गोष्ट निराळी. ठाकुर्लीच्या वीजघरात तो खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर होता, जवळच्याच आगरी गावातला. हॉकी त्याने कधी पाहिलीही नव्हती. दादांनी त्याला गावच्या कबड्डीत पाहिलं. सामना संपल्यावर ते त्याच्यापाशी गेले आणि बोलता बोलता हातातल्या तांब्यातलं पाणी त्याच्या तोंडावर उडवलं. तो हलला नाही, आणि त्याची पापणीही मिटली नाही. दादा म्हणाले, उद्या शेडच्या मैदानावर ये. तो गोलकीपर स्वतःच हे नंतर सगळ्यांना हसत सांगायचा. "मना हाकी काय ती ठाव नव्हती. मना वाटला म्हातारा भांडाला आयलाय."

ही दोन उदाहरणं मी डाव्या रकान्यात लिहिली. तिसरं लिहायला जड गेलं, कारण ते माझं होतं.

त्या दोन पराभवांच्या आधी ठाण्याच्या स्पर्धेत एकदा आम्ही उपांत्य फेरीत पोचलो होतो. समोरच्या संघाचा लेफ्ट-आउट, डाव्या कडेचा आघाडीवीर, वाऱ्यासारखा पळायचा. त्याला अडवणं हे राइट-हाफचं, म्हणजे माझं काम. मी महिनाभर पहाटे उठून धावत होतो. आमच्या संघात माझ्याइतकं वेगाने धावणारं दुसरं कुणी नव्हतं, हे सगळे मान्य करायचे. मॅचच्या दिवशी दादांनी नावं वाचली आणि राइट-हाफ म्हणून एका वयस्क फायरमनचं नाव घेतलं. चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला माणूस. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. दादांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "माझ्या शेजारी बस."

मी बसलो, पण रागाने कान तापले होते. त्या काळी एकदा मॅच सुरू झाली की माणूस बदलता येत नसे. अकरा जण निवडले ते निवडले, कुणी जायबंदी झाला तर दहा जणांनी खेळायचं. म्हणजे संपूर्ण मॅच मला बाकावर बसून पाहायची होती.

पहिली पाच मिनिटं झाली आणि दादा समोर बघत हळूच म्हणाले, "त्या पळणाऱ्याकडे बघू नकोस. त्याला बॉल कोण देतो त्याच्याकडे बघ."

बॉल द्यायचा त्यांचा लेफ्ट-इन, त्या कडेच्या आतल्या बाजूला खेळणारा. बुटका, शांत. मी बघायला लागलो. काही वेळाने दादा म्हणाले, "बॉल द्यायच्या आधी तो डावा खांदा खाली करतो." मी पाहिलं. खरंच करत होता. "आता देईल," दादा म्हणाले, आणि त्याने दिला. "आता नाही देणार, स्वतः घुसेल." तो घुसला. पुढची दहा मिनिटं असं चाललं होतं. समोरच्या मैदानावर जे व्हायचं ते दादा क्षणभर आधी सांगायचे, मोठ्याने नाही, देवळात पुटपुटतात तसं. माझा राग कधी गेला मला कळलं नाही. अंगावर काटा आला होता.

आमच्या माणसांबद्दलही ते तसंच बोलत होते. राइट-इन आज डावीकडे वळणार नाही, कारण सकाळी इगतपुरीहून गाडी घेऊन आलाय, डाव्या डोळ्यात कोळशाची कणी गेली आहे. सेंटर-फॉरवर्ड घरी भांडून आलाय, आज तो बॉल कुणाला देणार नाही, तेव्हा गोल झाला तर तोच करेल. गोल त्यानेच केला.

आणि तो म्हातारा फायरमन! त्याला धावताच येत नव्हतं, त्यामुळे तो लेफ्ट-आउटच्या मागे गेलाच नाही. तो आपला मधल्या जागेत उभा. लेफ्ट-इनने खांदा खाली केला की हा दोन पावलं पुढे यायचा आणि येणारा बॉल वाटेतच थांबवायचा. वाऱ्यासारखा पळणारा तो लेफ्ट-आउट कडेला बॉलची वाट बघत उभा राहिला, आणि शेवटी कंटाळून मधे आला. आम्ही एका गोलने जिंकलो.

मॅच संपल्यावर दादा माझ्याकडे वळले. "तू असतास तर त्याच्यामागे धावला असतास. तू चांगला धावतोस, म्हणून तुला घेतला नाही. तू धावलास की मागे भोक पडतं."

मी म्हणालो, "हे आधी सांगितलं असतंत तर?"

"पटलं असतं?"

नसतं पटलं, आणि मी तसं कबूलही केलं. अंतिम सामन्यात त्यांनी मला खेळवलं, आणि आम्ही तो हरलो.

हे सगळं लिहून झाल्यावर माझा डावा रकाना उजव्याच्या दुप्पट झाला. मग मला शंका आली की मी भारावून जाऊन लिहितोय. दोषांचा रकाना मी स्वतःच्या रागातून भरला आणि गुणांचा स्वतःच्या थक्क होण्यातून. तिसऱ्या कुणाला तरी विचारायला हवं होतं. तेव्हा मला मास्तर आठवले.

मास्तर म्हणजे आमचे जुने राइट-बॅक, डोंबिवलीच्या शाळेत शिक्षक. चार वर्षं खेळले आणि एका मॅचनंतर एकदम यायचे बंद झाले. का, ते कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही, एकाच गावात राहत असूनही. त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते जमिनीवर बसून वह्या तपासत होते. मी कशासाठी आलो ते सांगितलं. त्यांनी हातातली वही पुरी तपासून खाली ठेवली, मग बोलायला लागले. दादांबद्दल एक वाकडा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. उलट म्हणाले की असा माणूस पुन्हा बघायला मिळणार नाही.

"त्यांचा निर्णय चुकला नव्हता," ते म्हणाले. "मला वळायला वेळ लागायला लागला होता, ते मलाही ठाऊक होतं. पण मी बूट घालून, लेस बांधून बसलो होतो हो. त्या दिवशी नावं वाचलीच नाहीत. पाठीवर हात ठेवून एकेकाला उठवलं. अकरा जण उठून मैदानात गेले आणि मी बसलेला राहिलो, तेव्हा मला कळलं. वर्गातल्या नापास मुलालासुद्धा आम्ही आधी बोलावून सांगतो."

एवढंच म्हणाले आणि पुढची वही उचलली. त्यांच्या पत्नीने चहा आणला. मग आम्ही पावसाळ्यात शाळेचं छप्पर गळतं त्याबद्दल बोललो.

घरी येऊन मी उजवा रकाना पूर्ण खोडला आणि मास्तरांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं. त्याखाली एकच ओळ लिहिली: 'दादांना माणसाच्या आतलं सगळं दिसतं, फक्त त्यांनी वगळल्यावर त्याला काय होतं ते दिसत नाही.' ही ओळ लिहून मला माझाच अभिमान वाटला होता. तो पुढे उतरला.

पुढच्या रविवारी मी वकीलसाहेबांच्या ओटीवर गेलो तर कमिटीचे पाच जण बसलेले, आणि टोकाच्या खुर्चीवर दादा, मांडीवर टोपी. वकीलसाहेब म्हणाले, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्यासमोर वाचता येत नसेल तर ते लिहिलेलं मला नको. वाचण्यावाचून इलाज नव्हता.

गुण वाचताना माझा आवाज ठीक होता. दादा जमिनीकडे बघत होते. लिंबाचा प्रसंग आला तेव्हा ते थोडे हसले. मग दोष वाचायला लागलो. मास्तरांचं वाक्य वाचलं. दादांनी मान वर केली.

"लेस बांधून बसला होता?"

मी म्हटलं, हो.

माझी ती अभिमानाची ओळ मी भरभर वाचून टाकली. वकीलसाहेबांनी दादांना विचारलं, यावर काही म्हणायचंय का. मला वाटलं ते उठून जातील, किंवा राजीनामा देतील. ते म्हणाले, "बरोबर लिहिलंय. पण एक राहिलं. माझ्यामागे हे काम कोण करणार, ते मी कधी पाहिलं नाही. आठ वर्षं सगळं माझ्या डोक्यात ठेवलं. हा त्याच्याहून मोठा दोष आहे, तो लिहून घ्या."

मी खरंच तिथे पेन काढून ते लिहून घेतलं.

"मला काढायचं असेल तर काढा," दादा पुढे म्हणाले. "मोठ्या संघातून आलेले ते गृहस्थ चांगले आहेत, मी त्यांना सराव घेताना पाहिलंय. पण मला ठेवणार असाल तर जोडीला तो मास्तर द्या."

कमिटीतले एक जण म्हणाले की ज्याला तुम्ही वगळलंत, जो खेळ सोडून गेला, तो माणूस कशाला? त्यावर दादा जे बोलले ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

"आपल्यावर गोल झाला की दहा जण बॉलकडे बघतात. तो मास्तर गोलकीपरकडे बघायचा. चार वर्षांत एकदाही चुकला नाही. आधी त्याच्याकडे जायचा, खांद्यावर हात ठेवायचा, मग आपल्या जागेवर. मला ते दिसत होतं, पण त्याचा उपयोग कुठे करायचा ते कळलं नव्हतं. आज कळलं. मला जे सांगता येत नाही, ते सांगायचं काम त्याचं."

मी कागद हातात घेऊन उभा होतो. मी त्यांचा दोष शोधून काढला होता, आणि त्या दोषावर कुठला माणूस लावायचा हे त्यांनी तो ऐकता ऐकताच ठरवून टाकलं होतं. चार वर्षं मी मास्तरांच्या पुढे दहा पावलांवर खेळलो. ते गोलकीपरकडे जातात हे मी एकदाही पाहिलं नव्हतं, कारण मी बॉलकडे बघत होतो.

वकीलसाहेबांनी इतरांकडे पाहिलं. कुणी हरकत घेतली नाही.

त्याच दुपारी दादा माझ्याबरोबर डोंबिवलीला आले. मास्तरांच्या दारात उभे राहिल्यावर मी बाजूला झालो. मास्तरांनी त्यांना पाहिलं, आत या म्हणाले, बसायला पाट दिला. दादा बसले नाहीत. टोपी काढली, पुन्हा घातली. मास्तरांच्या पत्नीने पाणी आणलं, ते पूर्ण प्यायले. शेकडो माणसांना कुठे जायचं ते रोज सांगणारा माणूस, पण त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शेवटी म्हणाले, "चुकलं माझं. निवड नाही. न सांगणं."

मास्तरांनी पाट पुन्हा पुढे सरकवला आणि या वेळी दादा बसले.

दादांच्या जोडीला यायला मास्तरांनी लगेच होकार दिला नाही, आठ दिवस घेतले. आले तेव्हा आपली अट घालून आले: संघ आदल्या दिवशी ठरायचा आणि कप्तानाला आधी कळायचा. दादांना ते जड गेलं, कारण ते मॅचच्या दिवशी सकाळी प्रत्येकाचा चेहरा बघून ठरवायचे. पण त्यांनी मान्य केलं. त्यानंतर मॅचच्या आदल्या दिवशी शाळा सुटली की मास्तर छत्री घेऊन निघायचे, कधी कल्याणला, कधी ठाकुर्लीच्या चाळीत, आणि जो खेळणार नसेल त्याच्या घरी जाऊन बसायचे. काय बोलायचे ते ठाऊक नाही, पण वगळलेला माणूस दुसऱ्या दिवशी मैदानावर हजर असायचा, बॉल आणून द्यायला, पाणी द्यायला, ओरडायला. कप्तानाने तक्रार मागे घेतली. मोठ्या संघातून आलेले ते गृहस्थ दर शनिवारी सरावाला येऊ लागले, आणि त्यांनाही दादांच्या शेजारी बसायची सवय लागली.

ठाण्याची स्पर्धा आम्ही त्या वर्षी जिंकली नाही. उपांत्य फेरीत हरलो. पुढच्या वर्षी जिंकली. तेव्हा मी संघात नव्हतो. मास्तर माझ्याही घरी येऊन बसून गेले होते. ते निघाल्यावर पत्नीने मला विचारलं, अहो, वाईट वाटलं का? मी म्हटलं, वाटलं, पण ते बसले होते तोपर्यंत वाटलं नाही.

मग दादांची बदली भुसावळला झाली. बदल्या व्हायच्याच, पण आमच्या मैदानाला ते मानवलं नाही. निरोपाच्या वेळी त्यांनी भाषण केलं नाही. मास्तर आता संघ बघत होते आणि चांगला बघत होते, निदान आम्ही तसं म्हणत होतो.

दोन वर्षांनी ठाण्याच्या स्पर्धेत घाटापलीकडून एक नवा संघ आला. बाकावर काळी टोपी आणि कोट दिसला आणि आम्ही दादांना लांबूनच ओळखलं. मी प्रेक्षकांत होतो. त्यांचा लेफ्ट-इन आमच्या सगळ्या हाफ आणि बॅकमधून असा जात होता की कुणाला त्याचा धक्कासुद्धा लागत नव्हता. त्याने एकट्याने दोन गोल केले. मध्यंतरात मी जवळ जाऊन पाहिलं आणि चेहरा ओळखीचा वाटला. मग आठवलं. हा कल्याणच्या पार्सल ऑफिसात हमाल होता. भरलेली हातगाडी ढकलत दिवसातून दहा वेळा फलाटावरून जायचा, गर्दीतून, कुणाला न लागता, न ओरडता. आम्ही रोज त्याच्या शेजारून जात होतो. आम्हाला वाटायचं लोक त्याला वाट देतात. तो वाट काढत होता, आणि ते फक्त एका माणसाला दिसलं होतं. दादांनी बदलीच्या वेळी त्याला विचारलं, येतोस का, आणि अर्ज करून त्यालाही तिकडे नेलं.

आम्ही तीन गोलांनी हरलो. आमची मुलं मान खाली घालून बसली होती, आणि मास्तर एकेकाच्या जवळ जात होते. दादा मैदान ओलांडून आले आणि मास्तरांचं काम होईपर्यंत बाजूला थांबले. मग त्यांनी विचारलं, "काल किती जणांकडे गेलास?"

"तिघांकडे," मास्तर म्हणाले. "आणि तुम्ही?"

"मला अजून जमत नाही," दादा म्हणाले. "तिथल्या तारघरात एक बाबू आहे. तार वाईट बातमीची असली की तो शिपायाबरोबर स्वतः जातो. या कामाला त्याला घेतलाय."

तो बाबू पलीकडे त्यांच्या खेळाडूंच्या स्टिक गोळा करत होता. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले, आणि मीही.